मोजणी सभागृहात व्हावी, राजवाड्यात नव्हे

महोदय,

ब्रिटनच्या राजघराण्यात लग्न, बारसे किंवा मयत झाली की आपल्याकडे पानेच्या पाने भरतात. मुकुटात हिरे किती, घोडागाडी कोणत्या रस्त्याने गेली, सगळे छापून येते. पण राजा असताना तिथे राज्य नेमके चालवतो कोण, असे विचारले तर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलेसुद्धा दोनपैकी एक उत्तर देतात: राजा नामधारी, नुसता शिक्का मारतो, किंवा शेवटी सगळे त्याच्याच सहीने होते, म्हणजे खरा मालक तोच. दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. आपले राष्ट्रपती आणि राज्यपाल याच साच्यातून घडलेले असल्याने हा अर्धवटपणा आपल्यालाही महागात पडतो. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात देश स्वतंत्र होता, पण राष्ट्रप्रमुख सहावे जॉर्जच होते. माउंटबॅटन आणि त्यांच्यानंतर राजगोपालाचारी हे त्यांचे गव्हर्नर जनरल. जवळजवळ अडीच वर्षे आपणही संसदीय घटनात्मक राजेशाहीतच काढली, याचा आपल्याला विसर पडला आहे.

आधी सहीचे बघू. या पद्धतीत राजाची एकट्याची सही चालत नाही. बेल्जियमच्या घटनेचे १०६ वे कलम सांगते की मंत्र्याची सही सोबत असल्याशिवाय राजाची कोणतीही कृती अमलात येत नाही, आणि ती सही करणारा मंत्री त्या कृतीला जबाबदार. स्पेनच्या १९७८ च्या घटनेत हेच ६४ व्या कलमात आहे. जपानने तर १९४७ मध्ये लागू झालेल्या घटनेच्या चौथ्याच कलमात लिहून टाकले की सम्राटाला राज्यकारभाराचे अधिकार नाहीत. पंतप्रधान कोण हे संसद ठरवते, सम्राट नेमणूक करतो. ब्रिटनची घटना एका पुस्तकात लिहिलेली नाही, पण प्रथा तीच: मंत्र्यांनी सल्ला द्यायचा, राजाने मानायचा, आणि सल्ला चुकला तर संसदेने धारेवर धरायचे ते मंत्र्यांना. राजाला कोणी जाब विचारायचा नाही, त्याबदल्यात त्याने स्वतःच्या मनाने काही करायचे नाही, असा हा रोकडा व्यवहार आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेत मानाचा नंदीध्वज ज्यांच्याकडे असतो त्यांचा मान मोठा, पण मिरवणुकीचा मार्ग बदलणे त्यांच्या हाती नसते, तसेच हे.

हा व्यवहार मोडायची वेळ बेल्जियममध्ये १९९० साली आली. गर्भपाताला मर्यादित परवानगी देणारा कायदा दोन्ही सभागृहांनी मंजूर केला होता. राजे बोदुआँ यांनी पंतप्रधान मार्टेन्स यांना कळवले की आपली सदसद्विवेकबुद्धी सही करू देत नाही. मंत्रिमंडळाने काय करावे? घटनेत राजा राज्य करण्यास असमर्थ ठरल्यास काय करायचे याचे एक कलम होते. ते मुळात आजारपणासारख्या प्रसंगांसाठी. ४ एप्रिलला मंत्रिमंडळाने त्याच कलमाखाली राजा असमर्थ असल्याचे जाहीर केले, राजाचे अधिकार तात्पुरते स्वतःकडे घेतले आणि कायद्यावर सगळ्या मंत्र्यांनी सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिलला, संसदेच्या संयुक्त बैठकीने राजाला पुन्हा समर्थ ठरवले. घटनापंडितांनी या पळवाटेवर पुष्कळ टीका केली आणि ती रास्त होती. पण राजाला पटले नाही म्हणून कायदाच मागे घ्यावा, हा पर्याय सरकारने धरला नाही.

ब्रिटनमध्ये विधेयकाला असा नकार शेवटचा मिळाला तो १७०८ मध्ये, राणी ॲन यांच्याकडून, तोही मंत्र्यांच्याच सल्ल्याने. विधेयकाचा रस्ता लांबलचक आहे. पहिल्या वाचनात फक्त नाव पुकारले जाते, चर्चा नाही. दुसऱ्या वाचनात तत्त्वावर चर्चा आणि मतदान, मग समितीत कलमवार छाननी, मग अहवालाचा टप्पा, मग तिसरे वाचन. आणि हे सगळे दुसऱ्या सभागृहात पुन्हा. मजकूर दोन्हीकडे शब्दशः एक होईपर्यंत विधेयक इकडून तिकडे फिरते. लॉर्ड्स, म्हणजे न निवडलेले वरिष्ठ सभागृह, अडून बसलेच, तर १९११ आणि १९४९ च्या कायद्यांमुळे त्यांना साधे विधेयक सुमारे वर्षभर आणि पैशाचे विधेयक एक महिनाच रोखता येते. शेवटी राजाची संमती. ती दोन्ही सभागृहांत जाहीर झाली की कायदा तयार. मूळ विधेयकावर राजा सही करत नाही, संमतीचे वेगळे पत्र निघते.

खरी गोम त्याच्या बऱ्याच आधीच्या पायरीत आहे. राजाच्या विशेषाधिकारांना किंवा त्याच्या मिळकतीला हात लावणारे विधेयक असेल, तर संसदेत ते पुढे नेण्यासाठीच राजवाड्याची पूर्वपरवानगी लागते. १९९९ मध्ये टॅम डॅलियल या खासदारांनी इराकवर लष्करी हल्ल्याचा निर्णय संसदेकडे द्यावा असे खासगी विधेयक आणले. युद्धाचा अधिकार हा राजाचा विशेषाधिकार मानला जातो, म्हणून परवानगीची गरज पडली. सरकारने राणीला परवानगी देऊ नका असा सल्ला दिला आणि विधेयकाचे दुसरे वाचनसुद्धा होऊ शकले नाही. नाव राणीचे लागले, अडवले टोनी ब्लेअर यांच्या सरकारने. राजेशाहीचा धोका राजाकडून किती आणि राजाच्या आड उभ्या राहिलेल्या मंत्र्यांकडून किती, हे या एका प्रकरणावरून ताडता येते.

तरीही सही हा सोपा भाग. अवघड आहेत ते निवडणुकीनंतरचे चार-आठ दिवस, जेव्हा कोणाकडेच स्पष्ट बहुमत नसते आणि सल्ला द्यायला भक्कम पंतप्रधानही नसतो. तेव्हा पहिले बोलावणे कोणाला, हा प्रश्न राजाच्या दारात येऊन पडतो.

ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात ६५० जागा, म्हणजे कागदावर बहुमत ३२६ चे. प्रत्यक्षात कमी पुरतात. अध्यक्ष आणि तीन उपाध्यक्ष मतदान करत नाहीत, आणि उत्तर आयर्लंडच्या शिन फेन पक्षाचे निवडून आलेले सदस्य आसन घेतच नाहीत. २०२४ मध्ये ते ७ होते. उरले ६३९, बहुमत ३२० चे. बातमी लिहिणाऱ्यांनी ही वजाबाकी करायलाच हवी, कारण सरकार टिकते की पडते ते कधी कधी एका मताने ठरते. २८ मार्च १९७९ रोजी कॅलॅहन यांचे सरकार ३११ विरुद्ध ३१० असे पडले.

त्रिशंकू सभागृह आले तर तिथला नियम असा की मावळत्या पंतप्रधानांनी पुढचा माणूस स्पष्ट होईपर्यंत खुर्ची सोडायची नाही. २०१० मध्ये ६ मे रोजी मतदान झाले आणि गॉर्डन ब्राउन ११ मेपर्यंत थांबले. वर्तमानपत्रांनी त्यांना 'चिकटून बसले' म्हणून झोडपले, पण ते नियमानेच वागत होते. वाटाघाटी पक्षांनी आपापसांत केल्या आणि राजवाडा मुद्दाम लांब राहिला. हे शहाणपण ठेच लागून आले होते. १९६३ मध्ये पंतप्रधान मॅकमिलन आजारी पडून बाजूला झाले, आणि त्यांच्या हुजूर पक्षात नेता मतदानाने निवडायची सोयच नव्हती. राणी दवाखान्यात जाऊन त्यांना भेटल्या, त्यांच्या सल्ल्यावरून लॉर्ड ह्यूम यांना बोलावणे गेले, आणि राजवाड्याने पक्षाच्या भांडणात हात घातला असा बोभाटा झाला. १९६५ पासून तो पक्ष नेता मतदानाने निवडू लागला. राजवाड्याला निवड करावी लागणार नाही याची तजवीज पक्षांनीच करायची असते. राजाच्या सद्वर्तनाच्या भरवशावर राहून भागत नाही.

स्वीडनने राजवाड्याला या कामातून सरळ बाहेरच काढले. १९७५ पासून लागू असलेल्या घटनेनुसार पंतप्रधानपदाचे नाव संसदेचे अध्यक्ष सुचवतात आणि सभागृह मतदान करते. या मतदानाची रीत आपल्याला उलटी वाटेल. बाजूने किती हे बघायचे नाही. ३४९ पैकी १७५ सदस्य विरोधात गेले तरच नाव पडते. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी माग्दालेना आंदेर्सन यांना बाजूची मते मिळाली ११७, तटस्थ राहिले ५७, विरोधात १७४. एका मताने वाचल्या आणि पंतप्रधान झाल्या. त्याच दिवशी त्यांचा अर्थसंकल्प फेटाळून विरोधकांचा मंजूर झाला, मित्रपक्ष सरकारमधून बाहेर पडला, आणि त्यांनी काही तासांतच राजीनामा दिला. २९ नोव्हेंबरला त्या पुन्हा निवडून आल्या. गोंधळ म्हणावा तर गोंधळ, पण प्रत्येक आकडा सभागृहाच्या फलकावर सगळ्यांसमोर होता. चार नावे पडली तर नवी निवडणूक, हेही लिहून ठेवलेले आहे.

स्पेनमध्ये नाव राजाच सुचवतो, पण पक्षांशी बोलून आणि सभागृहाच्या अध्यक्षांमार्फत. ३५० पैकी १७६ मते पहिल्या फेरीत लागतात. ती मिळाली नाहीत तर ४८ तासांनी दुसरी फेरी, तेव्हा विरोधी मतांपेक्षा बाजूची मते जास्त असली की झाले. पहिल्या मतदानापासून दोन महिन्यांत कोणीच निवडला गेला नाही तर संसद विसर्जित. घड्याळ चांगले आहे, पण त्याला किल्ली द्यायची राहून जाऊ शकते, आणि २०१६ मध्ये तेच झाले. डिसेंबर २०१५ च्या निवडणुकीनंतर राजाने विचारले तेव्हा मावळते पंतप्रधान राहोय यांनी उमेदवार व्हायला नकार दिला. मतदानच झाले नाही, म्हणून दोन महिने मोजायला सुरुवातही होईना. शेवटी विरोधी समाजवादी पक्षाचे सांचेझ उभे राहिले, मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही फेऱ्या हरले, आणि तेव्हा कुठे घड्याळ चालू झाले; मेमध्ये संसद विसर्जित झाली. नियम करताना मुदत किती हे सगळे बघतात, पण मुदत कोणत्या क्षणापासून मोजायची हे नेमके लिहिले नाही तर असे होते.

स्पेनचे आणखी एक घेण्यासारखे आहे. तिथे अविश्वास ठरावातच पुढच्या पंतप्रधानाचे नाव द्यावे लागते. नुसते पाडता येत नाही. १ जून २०१८ रोजी १८० मतांनी राहोय गेले आणि त्याच ठरावाने सांचेझ आले, मधे एक दिवसही पोकळी राहिली नाही.

पोकळी लांबली की काय होते ते बेल्जियमने दाखवले. १३ जून २०१० च्या निवडणुकीनंतर सरकार बसायला ५४१ दिवस लागले. देश तरीही चालला, कारण काळजीवाहू सरकार रोजचा कारभार पाहते आणि नवा अर्थसंकल्प नसला की संसद जुन्या अर्थसंकल्पाच्या बाराव्या हिश्शाने महिन्याचा खर्च मंजूर करते. पगार होतात, पेन्शन जाते. पण नवी योजना, नवी भरती, मोठा करार, सगळे खोळंबते. नेदरलँड्समध्ये २०२१ च्या निवडणुकीनंतर २९९ दिवस गेले. तिथे २०१२ पासून सरकार जुळवून आणणारा मध्यस्थ नेमण्याचे काम राजाकडून काढून सभागृहाने स्वतःकडे घेतले आहे. त्याने वेळ वाचला असे म्हणता येणार नाही, मात्र उशिराचे खापर राजवाड्यावर फुटले नाही.

याउलट मलेशिया. तिथे नऊ राज्यांचे वंशपरंपरागत राजे (बहुतेक सुलतान) आपल्यातूनच एकाला पाच वर्षांसाठी राजा निवडतात, आणि बहुमताचा विश्वास कोणाला मिळेल हे राजाने 'आपल्या मते' ठरवायचे असे घटना म्हणते. फेब्रुवारी २०२० मध्ये सरकार कोसळल्यावर राजाने खासदारांना एकेक करून राजवाड्यात बोलावून विचारले. २०२१ मध्ये प्रत्येकाकडून लेखी प्रतिज्ञापत्र मागवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये २२२ च्या सभागृहात कोणालाच ११२ मिळाले नाहीत, तेव्हा राजाने पक्षांना चर्चेला बसवले आणि २४ नोव्हेंबरला अन्वर इब्राहिम यांचा शपथविधी झाला; सभागृहात विश्वास सिद्ध झाला तो १९ डिसेंबरला. राजाने प्रामाणिकपणे काम केले असेलही. पण बंद दाराआड घेतलेली मोजणी कोणाला तपासता येत नाही, आणि आज एका गटाला दिलेले प्रतिज्ञापत्र उद्या दुसऱ्याला देण्यापासून खासदाराला काही रोखत नाही. शपथ आधी आणि मोजणी नंतर, हा क्रमच घातक आहे.

राजाने सल्ला निमूट मानायचा, यातही एक भोक आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी संसदेचे सत्र पाच आठवडे संपवून टाकण्याचा सल्ला राणीला दिला. ब्रेक्झिटची तारीख तोंडावर होती. राणीने प्रथेप्रमाणे मानला. नाकारला असता तर राजकारण केल्याचा ठपका आला असता, मानला तर संसद बंद. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी एकमताने तो सल्लाच बेकायदा ठरवला आणि संसद बंद झालीच नव्हती असे सांगितले. राजा निरुपद्रवी राहायचा असेल तर पंतप्रधानाला आवरणारे दुसरे कोणीतरी जागे लागते: सभागृह, नाहीतर न्यायालय.

सोलापूरकरांना राजमुकुटाचे कौतुक कमीच असणार, आणि त्याला कारण आहे. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा यांना येरवड्यात फाशी दिले गेले, ते पाचव्या जॉर्जच्या नावाने चालणाऱ्या राज्यात. हाच राजा लंडनमध्ये मंत्र्यांच्या सल्ल्याशिवाय काही करू शकत नव्हता. भारतमंत्री वेजवुड बेन संसदेला उत्तरदायी होते. पद्धत तीच होती, नियमही तेच. फरक एवढाच की ज्या सभागृहाला ते उत्तरदायी होते, त्यात सोलापूरच्या एकाही मतदाराचा प्रतिनिधी नव्हता. घटनात्मक राजेशाहीत राजाचे हात बांधलेले असतात हे खरे, पण दोरीचे दुसरे टोक आपल्या हातात नसेल तर त्याचा आपल्याला उपयोग शून्य. आटपाडीपर्यंत पसरलेल्या शेजारच्या औंध संस्थानात १९३९ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने ग्रामपंचायतींच्या पायावर उभी राज्यघटना लागू केली, तेव्हा ७२ गावांच्या त्या छोट्या राज्यातल्या लोकांच्या हाती ते टोक आले. आपल्या महापालिकेत ते आजही नाही: महापौर मानाचे, कारभार आयुक्तांचा, आणि आयुक्तांची नेमणूक व बदली मंत्रालयातून. महापौरांना शोभेचे म्हणून हसणाऱ्यांनी हा दुसरा भागही बघावा.

आता घरचेच. राज्यघटनेचे १६४ वे कलम म्हणते की मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतील. किती दिवसांत, कोणाला आधी बोलावून, कोणत्या पुराव्यावर, याबद्दल ते काही म्हणत नाही. बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात तपासायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात १९९४ मध्येच सांगितले. तरी २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी शपथविधी झाला तो पाठिंब्याच्या पत्रांवर. २६ तारखेला न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी, खुल्या मतदानाने, थेट प्रक्षेपणासह बहुमत चाचणीचा आदेश दिला आणि चाचणीआधीच राजीनामा आला. २०२२ मध्ये उलट झाले: राज्यपालांनी चाचणी बोलावली, मुख्यमंत्र्यांनी तिला सामोरे न जाता राजीनामा दिला. ११ मे २०२३ च्या निकालात न्यायालयाने चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते असे म्हटले, पण राजीनामा आधीच दिलेला असल्याने जुने सरकार परत आणता येणार नाही असेही सांगितले. दोन्ही वेळा चूक एकाच जागी होती. मोजणी राजभवनात झाली.

राज्यपालपद रद्द करा ही मागणी ऐकायला सोपी आहे, पण पद रद्द केले तरी पहिले बोलावणे कोणी द्यायचे हा प्रश्न उरतोच. आमच्या मते स्वीडनची वाट जवळची आहे: नवी विधानसभा भरली की हंगामी अध्यक्षांच्या देखरेखीखाली सदस्यांचा शपथविधी, लगेच नेत्यासाठी खुले मतदान, आणि राज्यपालांनी फक्त निवडून आलेल्या नावाला शपथ द्यायची. मुदत सभागृह भरल्याच्या दिवसापासून मोजायची, पहिल्या मतदानापासून नव्हे. स्पेनची चूक पुन्हा नको. एका पायंड्याने सुरुवात करायला घटनादुरुस्तीचीही गरज नाही, राज्यपालांनी सभागृहाचा कौल येईपर्यंत थांबायचे ठरवले तरी पुरे.

तोवर आपल्या दैनिकाला एक विनंती. सत्तास्थापनेच्या बातमीत पाठिंब्याच्या पत्रांचे फोटो येतात, हॉटेलांची नावे येतात. त्यासोबत एक छोटी चौकट रोज द्यावी: सभागृहाची मंजूर संख्या (विधानसभेत २८८), त्यातून रिक्त व अपात्र वजा, मतदान करू शकणारे किती, त्याचे बहुमत किती, आणि ते सभागृहात मोजण्याची ठरलेली तारीख. तारीख ठरलेली नसेल तर तसेही छापावे, ठळक अक्षरांत.

— राज्यशास्त्राचे दोन अध्यापक,
सोलापूर